शेवयांच्या मशीनचा नकाशा, सुधारित प्रत पाच

रायपूर राजधानी झालं त्याला दीड वर्ष होत आलं होतं, आणि राजधानी झाल्याचा सगळ्यात जास्त परिणाम शहरावर नव्हे, दिवाकर चिंचोलकरांवर झाला होता. रस्ते होते तेवढेच होते, वीज जायची तेव्हा जायचीच. पण दिवाकररावांची चाल बदलली होती. एका सरकारी कार्यालयात ते बावीस वर्षं आरेखक होते. म्हणजे इंजिनियर जे ठरवतील त्याच्या रेषा कागदावर ओढायच्या. पूर्वी या रेषा नाल्यांच्या आणि शाळांच्या संडासांच्या असत, आता राजधानीच्या रस्त्यांच्या होत्या. पद तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा मोडका हातही तोच. पण "रस्ता कुठून न्यायचा ते आमच्याच टेबलावर ठरते," असं ते सदर बाजारातल्या पानवाल्यालासुद्धा सांगून आले होते. ठरत काही नव्हतं, नुसतं ओढलं जात होतं. पण माणसानं एवढी चूक आपल्या बाजूनं करायला हरकत नसते.

तर अशा या माणसाच्या हाती एप्रिलमध्ये कांताबाईंची शेवयांची मशीन आली.

कांताबाई गल्लीच्या तोंडाशी राहत. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. पापड, लोणची असं काहीबाही वर्षभर चालायचं, पण खरं पोट भरायचं ते होळीपासून अक्तीपर्यंतच्या दिवसांत. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. इतकी वर्षं छत्तीसगडात काढल्यावर आपली मराठी माणसंही अक्तीच म्हणतात. त्या दिवसांत अख्ख्या पाऱ्यातल्या, आपल्या भाषेत मोहल्ल्यातल्या, बाया भिजवलेला रवा घेऊन त्यांच्या दारात रांग लावत. कांताबाई लाकडी पाटाला आवळलेल्या त्या बिडाच्या मशीनचा दांडा फिरवत आणि खालून शेवया उतरत. अक्तीला पाच आठवडे असताना पाटाला धरणारा मशीनचा जबडा मधोमध तुटला.

"आमचे हे देतील ना दुरुस्त करून आणून," मंदाकिनीबाई म्हणाल्या. 'हे' म्हणजे दिवाकरराव. ते त्या वेळी अंघोळीला गेले होते, त्यामुळे विरोध नोंदवता आला नाही.

तुळशीरामचं वेल्डिंगचं दुकान तेलीबांध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चार बल्ल्या, वर पत्रा, समोर लोखंडाचा ढीग. माणूस मूळचा गोंदियाचा. अभनपूरपासून शेतकरी त्याच्याकडे नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हुक, थ्रेशरचे मोडलेले दाते घेऊन येत आणि तो ते जोडून देई. त्यानं मशीन हातात घेतली, हातोडीनं हलकेच टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"बीड हाय जी. साध्या रॉडानं जोडलं त थंडं होता होता तडकन. आधी तापवाव लागते, मंग पितळेनं जोडाव लागते, अन् राखीत ठेवून हळूहळू थंडं कराव लागते. जोडाले अर्धा घंटा. संध्याकाळी घेऊन जा."

इथेच हे प्रकरण संपायला पाहिजे होतं. संपलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती आणि दिवाकरराव आजही मान वर करून ऑफिसला गेले असते. पण त्यांनी विचारलं, "ड्रॉइंग कुठं आहे?"

"कायचं ड्रॉइंग?"

"या मशीनचं."

"मशीनच हाय ना समोर," तुळशीराम म्हणाला.

दिवाकररावांना त्याची कीव आली. बावीस वर्षांत त्यांनी ड्रॉइंगशिवाय एक खिळा ठोकलेला पाहिला नव्हता. (ड्रॉइंग असूनही खिळा ठोकला गेला नाही, असं मात्र पुष्कळदा पाहिलं होतं.) आणि मशीनकडे बघता बघता त्यांना कांताबाईंची पाठ आठवली. बाई जमिनीवर बसून, कमरेत वाकून दिवसभर दांडा फिरवायच्या. नुसता जबडा जोडून काय उपयोग? एक लोखंडी स्टँड पाहिजे, उभ्यानं काम करता येईल असा. खोटं कशाला बोला, हेतू चांगला होता. चांगल्या हेतूइतका कामाचा घोळ दुसरं काही करत नाही.

"हात लावू नका," ते म्हणाले. "मी दोन दिवसांत ड्रॉइंग आणून देतो. नवीन मॉडेल करू."

"पण बाईचा सीझन होय ना जी. आता जोडून देतो, स्टँड मंग करू."

"अर्धवट काम आम्ही करत नसतो," दिवाकरराव म्हणाले. तुळशीरामनं मशीन पोत्यात गुंडाळून मागच्या बाजूला ठेवली आणि चहा मागवला.

चहा पिता पिता त्यानं जरा अंग चोरत विचारलं, "साहेब, तुमी रस्त्याच्या ऑफिसात हाव म्हणते. हा रस्ता रुंद होऊन राह्यला म्हणून लोक बोलून राह्यले. माही दुकान हलवाव लागन का? आताच सांगसान त जागा पाहून ठेवतो."

दिवाकरराव हसले. मोठी माणसं हसतात तसं. "अहो, सरकारी कागद वीस वर्षं कागदच राहते. बिनधास्त बसा."

आता यात त्यांनी मुद्दाम खोटं सांगितलं असं नाही. या रस्त्याच्या रुंदीकरणाची रेष जानेवारीत त्यांनीच ओढली होती. पण नकाशावर तुळशीरामचं दुकान नव्हतं. नकाशावर होतं 'तात्पुरते पत्र्याचे शेड, क्र. १४'. त्या चौदा नंबरात बसून आपण चहा पीत आहोत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते उठले, चहा चांगला होता असं म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

घरी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग सुरू झालं. कागद ऑफिसचाच होता. जादा निघालेल्या नकाशांच्या मोठ्या प्रती तिथे पडलेल्या असत, पुढून छापलेल्या आणि मागून कोऱ्या. अशा कागदाची कोरी पाठ घरी आणणं ही चोरी नव्हे, असा त्या ऑफिसचा पिढ्यानपिढ्यांचा समज होता. दिवाकररावांनी त्या पाठीवर शेवयांची मशीन तिन्ही बाजूंनी काढली. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखून 'रेखांकन: दि. ग. चिंचोलकर' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि वरच्या कोपऱ्यात सवयीनं उत्तर दिशेचा बाण काढला.

शेजारचे हरिदास मेश्राम रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ला देण्यासाठी एखादं यंत्र शोधत होते. ते चष्मा लावून कागदावर वाकले.

"हे बाण कायचं होय?"

"उत्तर दिशा."

"शेवयाले उत्तर दिशा काहून पाह्यजे?"

"नियम आहे."

हरिदासभाऊंनी मान डोलावली. नियमाला त्यांचा कधीच विरोध नसे. पण हातानं दांडा फिरवणं त्यांना पसंत पडलं नाही. "पायडल लावा. शिलाई मशीनसारखं. हात मोकळे राह्यतेत." म्हणून सुधारित प्रत दोन निघाली. पायडल आलं तसं बसायला स्टूल आलं, म्हणजे उभ्यानं काम करण्याचा मूळ मुद्दा गेला, पण तोवर तो कुणाच्या लक्षात नव्हता. वरच्या भाडेकरूंनी "पहिये लगवा लो भाईसाहब" असं जिन्यातूनच सुचवलं, प्रत तीन. चाकं लावल्यावर पायडल मारताना मशीन गल्लीभर फिरेल, हे हरिदासभाऊंनी दाखवून दिलं, म्हणून प्रत चारमध्ये ब्रेक आला. मंदाकिनीबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "शेवया वाळू कुठं घालतील?" हा प्रश्न नवऱ्याला टोमणा म्हणून होता. त्यानं तो सूचना म्हणून घेतला आणि प्रत पाचमध्ये वर सहा आडव्या सळया आल्या. आता ते यंत्र लांबून देवाच्या रथासारखं दिसू लागलं होतं.

या सगळ्यात दोन दिवसांचे अठरा दिवस झाले.

कांताबाई रोज सकाळी फाटकाशी येत. "झाली का भाऊ मशीन?"

पहिल्या दिवशी दिवाकरराव म्हणाले, "होऊन राहिली." तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. पाचव्या दिवशी मात्र कांताबाई फाटकापाशीच थांबल्या आणि दिवाकररावांच्या तोंडून निघून गेलं, "त्या वेल्डरकडे गर्दी आहे हो. माणूस टाळाटाळ करून राहिला."

एकदा निघालं की ते सोपं झालं. सातव्या दिवशी वेल्डर गावाला गेला होता. दहाव्या दिवशी त्याचा गॅस संपला. तेराव्या दिवशी तो आजारी पडला. तुळशीराम बिचारा रोज दुकान उघडून ड्रॉइंगची वाट पाहत होता आणि इकडे गल्लीत त्याची तब्येत ढासळत चालली होती.

"मी जाऊन बोलू का त्याले?" कांताबाईंनी एकदा विचारलं.

"तुम्ही नका जाऊ उन्हात. मी पाहतो ना," दिवाकरराव घाईनं म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी मंदाकिनीबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. "कांताबाई हातानं शेवया वळून राहिल्या. आज बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. अर्ध्या बाया दुसऱ्या पाऱ्यात गेल्या म्हणे, तिथं बिजलीवरची मशीन आहे. काय ते एकदाचं आणा हो."

दिवाकररावांनी ताट बाजूला सारून कागद पुढे ओढला. त्या रात्री त्यांनी ब्रेकचं माप घाईघाईत पक्कं केलं, आणि सोमवारी सकाळी प्रत पाच गुंडाळून काखेत मारून ते निघाले.

तेलीबांध्याच्या रस्त्याला वळले तर पुढे धूळच धूळ. पिवळी मशीन रस्त्याच्या कडेनं पत्रे उचलत चालली होती. अतिक्रमण हटवणारं पथक पहाटेच येऊन गेलं होतं, आता उरलंसुरलं चाललं होतं. कडेला जमिनीवर चुन्याची पांढरी रेष दूरपर्यंत ओढलेली. ती पाहिल्यावर दिवाकररावांच्या मनात पहिला विचार आला तो असा: रेष अगदी सरळ आली आहे. त्या विचाराची त्यांना पुढे जन्मभर शरम वाटत राहिली, म्हणून इथे सांगून टाकलेला बरा.

चौदा नंबरच्या जागी चार खड्डे होते. तुळशीराम त्याच्या गॅसच्या सिलेंडरवर बसला होता. बसला म्हणूनच सिलेंडर वाचला होता.

"वेल्डिंगची मशीन गेली," तो म्हणाला. "ते जाऊ द्या. बाईची मशीन बी गेली ना जी ट्रकात. मी म्हटलं, ही माही नाही, लोकाची होय, हीले सोडा. कोणी आयकलं नाही." मग काखेतल्या गुंडाळीकडे पाहून त्यानं विचारलं, "झालं का ड्रॉइंग?"

दिवाकररावांनी ते पाठीमागे धरलं. "चला, सोडवून आणू," एवढंच ते म्हणाले. दोघं स्कूटरवर बसले.

जप्त सामानाच्या यार्डात हातगाड्या, टपऱ्या, काट्याचे तराजू असा सगळ्या शहराचा संसार उन्हात पडला होता. एका झाडाखाली बाबू रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांनी वर न पाहता विचारलं, "सामान क्या है? पहचान बताइए."

दिवाकररावांना वाटलं, आपली वेळ आली. त्यांनी गुंडाळी सोडली आणि प्रत पाच टेबलावर पसरली.

बाबूंनी ती निरखून पाहिली. "पहिये, पायडल, ब्रेक... ऐसा तो कोई सामान नहीं आया."

"अभी बना नहीं है," दिवाकरराव म्हणाले.

"जो बना नहीं, वो जप्त कैसे हो गया?"

बाबूंनी कागद परत देण्यासाठी उचलला, आणि तो उलटला.

पलीकडच्या बाजूला रस्ता होता. सरळ, साठ फुटी, तेलीबांध्याकडे जाणारा. त्याच्या कडेला छोट्या छोट्या चौकटी, चौकटींवर नंबर आणि नंबरांवरून गेलेली एक जाड रेष. बाबू खुर्चीत सरळ बसले. "अरे, ये तो अपना वाला नक्शा है. आपके पास कैसे?" त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर गेलं. "चिंचोलकर कौन?"

तुळशीराम शेजारीच उभा होता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण आयुष्यभर तो वस्तू उलटसुलट करून पाहत आला होता. त्यानं कागदाचा कोपरा धरला, पुढची चौकट पाहिली, मागची पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. "अक्षर एकच हाय," तो हळूच म्हणाला.

"मीच," दिवाकरराव म्हणाले. "मैं ही हूँ."

"तो पहले बोलना था ना साहब! आप तो घर के आदमी निकले," म्हणत बाबू उठून उभे राहिले. खुर्ची आली. चहा आला, एकच कप, कारण घरचा माणूस एकच होता. दिवाकरराव बसले. बसू नये असं वाटत होतं, तरी बसले. तुळशीराम त्यांच्या खुर्चीमागे उन्हात उभा राहिला. भंगाराच्या ढिगातून पोतं शोधून आणायला दोन माणसं धावली. "और कुछ है क्या आपका? अभी दे देते हैं," बाबू म्हणाले.

दिवाकररावांना पलीकडे तुळशीरामची वेल्डिंगची मशीन दिसत होती. एक शब्द बोलायचा होता. त्यांनी तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम म्हणाला, "बस. बाईचीच न्यायची हाय, तिची अक्ती जवळ आली." माह्यासाठी तुमच्या त्या सहीचा उपयोग नको, असं तो बोलला नाही, पण दिवाकररावांना ते ऐकू आलं. त्यांनी चहा संपवला.

दोघं पोतं घेऊन स्कूटरवर परत आले. दुकान नव्हतं, म्हणून काम दिवाकररावांच्या अंगणात करायचं ठरलं. "घेतलेलं काम हाय, अर्धं कसं देऊ," असं म्हणून तुळशीरामनं गॅसचं सामान आणून मांडलं. जबडा तापवला, पितळ वितळवून फटीत भरलं, मंदाकिनीबाईंकडून घमेलंभर राख मागून घेतली आणि मशीन तिच्यात पुरून ठेवली. दिवाकरराव पायरीवर बसून नकळत घड्याळ पाहत होते. जोडायला सव्वीस मिनिटं लागली.

आवाज ऐकून हरिदासभाऊ आले, वरचे भाडेकरू आले आणि हाताला चिंध्या बांधलेल्या कांताबाईही आपला पाट घेऊन आल्या. दिवस कलता कलता मशीन निवली, तेव्हा राख झटकून ती पाटाला आवळली. कांताबाईंनी दांडा फिरवून पाहिला, मग तुळशीरामकडे वळल्या. एकोणीस दिवसांचं त्यांनी साठवून ठेवलं होतं.

"तूच का रे तो? अर्ध्या घंट्याच्या कामाले तीन हप्ते लटकवलं मले. कधी गावाले गेला, कधी बिमार पडला. एकट्या बाईची रोजी हाय, काही लाज वाटत नाही तुले?"

तुळशीराम गोंधळला. आपण कधी आजारी पडलो हे तो आठवू लागला. मग त्यानं एकदा दिवाकररावांकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. "चुकलं बाई," तो म्हणाला आणि सामान आवरायला खाली वाकला.

दिवाकरराव पायरीवरून उठले. सगळी गल्ली समोर उभी होती, याच गल्लीला त्यांनी दीड वर्ष राजधानीचे रस्ते समजावून सांगितले होते.

"लाज मले वाटाले पाह्यजे, कांताबाई," ते म्हणाले. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "हा त्याच दिवशी जोडून देऊन राह्यला होता. मीच हात लावू देला नाही, पायडलाचं नवीन मॉडेल काढत बसलो. तो गावाले गेला नाही, बिमार बी पडला नाही. ते मी सांगत होतो. अन् याची दुकान ज्या रेषेनं गेली, ते रेष बी मीच ओढली हाय. यानं मले पुसलं होतं. मी म्हटलं बिनधास्त बस."

हरिदासभाऊंनी चष्मा काढून पुसला. कांताबाईंनी दिवाकररावांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मले पायडल नको होतं. तुमी एकदा मलेच पुसलं असतं त झालं असतं." आणि तुळशीरामपुढे हात जोडून त्या म्हणाल्या, "माफ कर बाप्पा, नाही नाही ते बोलली तुले." मग पाट उचलून निघून गेल्या.

माणसं पांगली. तुळशीराम जाता जाता थांबला. "साहेब, ते कागद मले देसान का?"

दिवाकररावांना वाटलं, हा तक्रार करणार. करू दे, असंही वाटलं. त्यांनी कागद दिला. तुळशीरामनं तो पायरीवर पसरला, मशीन खाली आणि रस्ता वर. "दुकान कुठंतरी लावाच लागन. यावेळी रस्ता पाहून बसतो म्हटलं." त्यानं एका जागी बोट ठेवलं. "इथं बसू का?"

दिवाकररावांनी चष्मा लावला. त्या जागेचा नकाशा गेल्याच महिन्यात त्यांच्या हाताखालून गेला होता. "इथं नको," ते म्हणाले.

बोट पुढे सरकलं. "मंग इथं?"

"इथं बी नको."

"अन् इथं?"

दिवाकररावांनी नुसती नकाराची मान हलवली. बावीस वर्षांत आपण किती रेषा ओढल्या हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. तुळशीरामचं बोट सरकत सरकत एका गल्लीत आलं, गल्लीतल्या एका चौकटीपाशी थांबलं. "इथून त रेष जात नाही."

"नाही जात."

"हे कोणाचं होय?"

"माहं," दिवाकरराव म्हणाले. "हेच अंगण."

दारात मंदाकिनीबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "बसू द्या त्यांना. पण सकाळी आठच्या आधी ठोकठोक नको."

तुळशीरामची वेल्डिंगची मशीन सोडवायला दिवाकररावांनी तीन आठवडे यार्डात खेपा घातल्या. यावेळी ते रांगेत उभे राहिले आणि आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही. त्या बाबूंनी एकदा ओळखून खुर्ची पुढे केली, तेव्हा "ठीक आहे, उभाच बरा" असं म्हणाले. अक्ती तोवर होऊन गेली होती. कांताबाईंनी उरलेल्या दिवसांत जमेल तेवढ्या शेवया उतरवल्या. एक पुडी तुळशीरामच्या घरी गेली, एक मंदाकिनीबाईंना आली. दिवाकररावांना खीर वाढली तेव्हा त्यांनी पोट ठीक नसल्याचं सांगितलं.

आता अंगणात पत्रा टाकला आहे आणि अभनपूरचे शेतकरी मोडके फाळ घेऊन गल्लीत येतात. दिवाकरराव रोज साडेदहाला ऑफिसला निघतात, तेव्हा तुळशीराम कामात असतो आणि निळा उजेड भिंतींवर लखलखत असतो. दिवाकरराव मान खाली घालून त्याच्या बाजूनं फाटकापर्यंत जातात. वेल्डिंगकडे पाहू नये, डोळे जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी काही विचारत नाही.